कुडपणची रजिस्ट्री

कळंबेकाका दंतवैद्याच्या खुर्चीत आ करून बसले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला, चिमटा हातात घेतला आणि काकांनी हात वर केला. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. काका उरलेल्या अर्ध्या तोंडाने म्हणाले, "डॉक्टर, दाढ अर्धी भायेर आली आनि तुमालाच काय झालं तर?"

डॉक्टर चाळिशीचे, रोज सकाळी पळायला जाणारे. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि स्वतःची नाडी पाहिली, असं दवाखान्यातली बाई अजून सांगते. शेवटी मागच्या गल्लीतला दुसरा दंतवैद्य आपल्या दवाखान्यात बसलेला आहे याची फोनवर खात्री झाली, तेव्हा कुठे काकांनी पुन्हा तोंड उघडलं.

हा प्रश्न काका सगळ्यांना विचारतात. वडापावच्या गाडीवाल्याला विचारतात, "तुजा गॅस आत्ता या मिंटाला संपला तर?" तो म्हणतो, "तर तुमी घरी जावा, काका." माझ्या मामेबहिणीच्या लग्नात त्यांनी अंतरपाट धरायच्या आधी भटजींना बाजूला घेतलं आणि त्यांचा घसा बसला तर पुढचं कोण म्हणणार, याची चौकशी केली. भटजी चिडले. पण काकांनी पोलादपूरहून दुसरे भटजी आधीच बोलावून ठेवले होते आणि ते मांडवामागे शांतपणे जिलेबी खात बसले होते.

स्वतः काका याच नियमाने जगतात. खिशात दोन फोन, दोन कंपन्यांची सिमं. मनगटावर एक घड्याळ आणि डब्याच्या पिशवीत दुसरं. मोटरसायकलला कायम दोन हेल्मेटं अडकवलेली, जरी मागे कोणी बसत नसलं तरी. पावसाळ्यात दोन छत्र्या. एकदा मी विचारलं, "काका, दोन्ही हरवल्या तर?" त्यांनी गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुंटीला तिसरी छत्री लटकली.

शांताराम कळंबे हे आमच्या कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर. कंपनी हा शब्द जरा मोठा आहे. महाडला, चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून, एका औषधाच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या आहेत आणि आम्ही नऊ माणसं. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे पास, स्टोअरमधला माल, लॅबचे रिपोर्ट, असलं. नीलममॅडम मालकीण, मी प्रोग्रॅम लिहिते, आणि काका कारखान्यांत जाऊन तो प्रोग्रॅम चालतो की नाही ते बघतात. काकांना कोडची एक ओळ लिहिता येत नाही. पण प्रत्येक गेटवरचा वॉचमन त्यांना नावाने ओळखतो, आणि आमच्या धंद्यात निम्मं काम तिथेच होतं.

त्यांच्या प्रश्नाचं मूळ मुंबईत आहे. मूळचे ते कुडपणचे, पोलादपूरच्या वर डोंगरात सपाटी आहे तिथले. तरुणपणी मुंबईला गेले आणि एका ट्रान्सपोर्ट कंपनीत पार्सल खात्यात लागले. तिथे केस पांढरे झाले. मग एका सोमवारी कामावर गेले तर शटरला कुलूप. आत दोनशे लोकांची पार्सलं, बाहेर ती दोनशे माणसं, आणि मालकाचा फोन बंद. "सगळी मलाच विचारत होती गो," काका सांगतात. "माज्या अंगावर कंपनीचा शर्ट होता ना." त्यानंतर ते परत आले, बिरवाडीला खोली घेतली आणि आमच्याकडे लागले. तेव्हापासून कोणाच्याही असण्यावर त्यांचा विश्वास नाही.

आता मूळ गोष्ट. आमचा प्रोग्रॅम कारखान्यात पोचतो तो एका बंद खोक्यासारखा. त्यात प्रोग्रॅम, त्याला लागणारं सगळं सामानसुमान, एकदम बांधून ठेवलेलं. या खोक्याला आमच्या भाषेत इमेज म्हणतात. आणि अशी खोकी इंटरनेटवर जिथे रचून ठेवतात, तिला रजिस्ट्री. कारखान्यातला कॉम्प्युटर रजिस्ट्रीतून खोकं उचलतो, उघडतो आणि कामाला लागतो. आम्ही आमची खोकी एका फुकटच्या रजिस्ट्रीत ठेवत होतो. जगभर सगळेच ठेवतात. ती निवड माझी.

"बाय, ती फुकटवाली नसली तर?" काकांनी मला विचारलं होतं. मी हसले होते.

शिवाय मी एक शहाणपणा करून ठेवला होता. खोक्यावर चिठ्ठी लावायची 'लेटेस्ट', आणि कॉम्प्युटर चालू झाला की त्याने दर वेळी ताजं 'लेटेस्ट' खोकं नव्याने आणायचं. काकांना ही चिठ्ठी मुळीच पसंत नव्हती. "काल बी लेटेस्ट, आज बी लेटेस्ट. मग कालचं कुठलं नि आजचं कुठलं? मासळीवाली बी आसंच सांगते."

एका सकाळी वसाहतीतल्या एका कारखान्याची लाईट गेली आणि आली. गेटवरचा कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू झाला, शिस्तीत ताजं खोकं आणायला रजिस्ट्रीकडे गेला, आणि रजिस्ट्रीने सांगितलं, तुमचा कोटा संपला, नंतर या. फुकट म्हटलं की कोटा आलाच. त्या कारखान्यात आणखी कोणीतरी तिथूनच काहीबाही उतरवत बसलं होतं आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळा कारखाना एकच गिऱ्हाईक दिसतो.

पास छापणं थांबलं. टँकर गेटपासून बिरवाडीच्या रस्त्यापर्यंत उभे राहिले. वॉचमनने हाताने पास लिहायला घेतले, पण त्याचं अक्षर त्याच्याशिवाय कोणाला लागत नव्हतं, त्यामुळे ॲसिडच्या एका टँकरला कँटीनच्या भाजीचा पास मिळाला आणि भाजीचा टेम्पो सुरक्षा अधिकाऱ्यांनी लाल झेंडा लावून बाजूला उभा केला. मी ऑफिसात बसून घामाघूम. काका मात्र मोटरसायकलवरून तिथे पोचले आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. गेल्या महिन्यातलं खोकं त्यांनी माझ्याच सहकाऱ्याकडून मागून घेऊन ठेवलं होतं. जुनं होतं, पण चाललं. दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला.

त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. फक्त संध्याकाळी नीलममॅडमनी "आता नीट रजिस्ट्री निवडा, तुम्ही दोघांनी मिळून" असं सांगितल्यावर त्यांनी वहीत नवं पान उघडलं आणि वर शीर्षक लिहिलं, 'नसली तर'.

मी तक्ता केला. खोक्यांची सुरक्षा तपासणी होते का, कोणाला काय परवानगी देता येते, वेग किती, जुनी खोकी किती दिवस ठेवतात, आपला माल देशातच राहतो ना. बावीस रकाने झाले. काकांच्या वहीत तीन. एक, फोन कोन उचलतो. दोन, सोडून जायचं झालं तर आपला माल किती वेळात काढून नेता येतो. तिसरा रकाना म्हणजे तो प्रश्न.

पहिला कॉल बंगळूरच्या कंपनीचा होता. पलीकडे एक उत्साही मुलगी. तिने पाऊण तास पडद्यावर चित्रं दाखवली आणि शेवटी विचारलं, काही शंका? काका मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, आप कल नहीं रहे तो?"

पडद्यावरचं चित्र बंद झालं. मग अगदी बारीक आवाजात, "सर, मैं तो सिर्फ छब्बीस की हूँ."

दुसरे गृहस्थ पुण्याचे. ते म्हणाले, "आमच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही." काकांनी वहीत टिपलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "उद्भवत नाय म्हनजे उत्तर नाय." तिसऱ्या कंपनीत माणूसच नव्हता. एक यंत्र लिहून उत्तरं देत होतं. 'आपल्याला मदत करायला मला आनंद होईल' असं ते म्हणालं. काकांनी दोन बोटांनी टाइप केलं, 'आनंद झाला. माणूस द्या.' ते पुन्हा म्हणालं, आनंद होईल. असं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. काकांना वाटत होतं, ते कधीतरी कंटाळेल.

फोन कोण उचलतो ते बघायला काका मुद्दाम दुपारी दीड वाजता फोन करायचे. "धा वाजता सगळेच उचलतात गो. डबा उघडल्यावर कोन उचलतो, त्याला किंमत."

याच सुमारास मला कळलं की रजिस्ट्री या शब्दामुळे काकांची गावाकडे पत वाढली आहे. 'शांताराम रजिस्ट्रीच्या कामात आहे' एवढंच कोणीतरी ऐकलं होतं. त्यांचे नातेवाईक फोन करून विचारू लागले, आमच्या वाटणीचे कागद कधी घेऊन येऊ? काका समजावून सांगायचे आणि फोन ठेवल्यावर म्हणायचे, "समजलं नाय. येनार तो."

चौथ्या कंपनीचा इंजिनियर मात्र वेगळा निघाला. फोन दीड वाजता त्यानेच उचलला, तोंडात घास होता. काकांनी विचारलं. तो घास गिळून म्हणाला, "आम्ही नसलो तर तुमची अडचण होईल. त्यामुळे सगळ्या इमेजांची एक प्रत स्वतःकडे ठेवा. आमच्यावर एवढं विसंबू नका."

काकांनी वही मिटली. "हा आपला मानूस."

माझ्या बावीस रकान्यांतही तीच कंपनी पहिली येत होती, पण ते कोणी ऐकून घेतलं नाही.

आता प्रत कुठे ठेवायची? आमच्या ऑफिसात, मी म्हटलं. काकांनी मला खाली नेलं आणि औषधाच्या दुकानाच्या भिंतीवरची रेघ दाखवली. पूर आला तेव्हा सावित्री नदीचं पाणी तिथवर चढलं होतं. रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. "आनि तेव्हा जिना बी वाहून गेला व्हता," ते म्हणाले. मग बिरवाडी? तिथेही पाणी येतं. काकांनी घसा साफ केला.

"कुडपनला ठेवू. माज्या घरी."

मॅडमना हसू आवरेना. मलाही. धंद्याचं सॉफ्टवेअर, आणि त्याची प्रत गुरांच्या गोठ्याशेजारी? काका शांतपणे एकेक मुद्दा सांगत गेले. तिथे पूर येणं शक्य नाही, उलट तिथून पाणी खाली येतं. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाटीवर, रेंज आहे, दोन्ही कंपन्यांची. हवा थंड, यंत्र तापणार नाही. आणि घरात त्यांचा मोठा भाऊ असतो, तो लक्ष ठेवील. मॅडमनी तीन महिन्यांसाठी मान्य केलं, बहुतेक हसण्याची भरपाई म्हणून.

यंत्र म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी एक पेटी, एक बॅटरी आणि दोन सिमांचा छोटा राउटर. आम्ही जीपने ते घेऊन कुडपणला पोचलो तेव्हा काकांच्या अंगणात सहा-सात माणसं बसली होती. इस्त्रीचे कपडे, हातात प्लास्टिकच्या पिशव्या. पिशव्यांत सातबारे.

"रजिस्ट्री आली ना?" एक म्हातारी पुढे झाली. "माज्या सासऱ्याची जमीन आजून नावावर नाय झाली. आज होईल?"

"ही ती रजिस्ट्री नाय गो काकू."

"मग हिच्यात काय हाय?"

"इमेजा."

"कोनाच्या?" एका म्हाताऱ्याने विचारलं. तो दाढी करून आला होता. सगळ्यांना एकदम पटलं, फोटोचंच काहीतरी आहे. शेवटी मी फोनवर सगळ्यांचा एक फोटो काढला, सातबारे हातात धरून, मधे आमची पेटी. म्हातारी म्हणाली, तालुक्याला एवढंही काम होत नाही.

काकांच्या मोठ्या भावाला सगळे दादाच म्हणतात. सत्तरीचे, काटक, कानांनी पार गेलेले. लग्न केलं नाही. नाचणी, वरी, दोन गाई, आणि खाली उतरायला साफ नकार. काका त्यांच्याशी ओरडून बोलत होते आणि दादा स्वतःच्या मनाने उत्तरं देत होते. पेटी कुठे ठेवायची असं काकांनी तीनदा विचारलं. दादा म्हणाले, "जेवूनच जावा."

पेटी माजघरातल्या फळीवर बसली. मग काकांनी नियम सांगितला. हा विजांचा प्रदेश, म्हणून रात्री यंत्र बंद ठेवायचं. दिवे लागले की दादा बटण बंद करतील, सकाळी उठले की चालू करतील.

"काका, रात्री झोपणारी रजिस्ट्री जगात कुठेच नाही," मी म्हटलं. "आणि बंदच करायची तर टायमर लावू या की."

"टायमर बिघडला तर?"

मला आयती संधी मिळाली. "आणि दादा नसले तर?"

काकांनी वायर गुंडाळता गुंडाळता दादांकडे पाहिलं. दादा मांजराला ओरडत होते. "तो असतो," काका म्हणाले आणि विषय संपवला.

नवी रजिस्ट्री उत्तम चालली. लेटेस्टची चिठ्ठी गेली, प्रत्येक खोक्यावर नंबर आला. ऑफिसातल्या पडद्यावर कोपऱ्यात कुडपणच्या पेटीचा एक ठिपका होता. पेटीने हजेरी लावली की हिरवा. दिवसा मधेच गायब झाली की पिवळा. आणि सकाळपासून हजेरीच नसेल तर लाल. दादा रोज पावणेसात ते सात या वेळात बटण दाबत. मला मात्र तो ठिपका खुपायचा. महिन्याचा अहवाल काढला की सगळं हिरवंगार आणि कुडपणचा रकाना निम्मा रिकामा, भादरलेल्या डोक्यासारखा. पोलादपूरला आमचं एक गिऱ्हाईक होतं, पक्की इमारत, उंचावर, चोवीस तास लाईटची सोय. मी अहवाल लिहिला की प्रत तिथे हलवावी. चार पानी, आकृत्यांसह. मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी ठरवू.

गुरुवारी मला लवकर काम होतं म्हणून मी सात वाजता ऑफिसात गेले. आमचं ऑफिस नऊला उघडतं. दार उघडं, दिवा बंद, पंखा बंद, आणि काका पडद्यासमोर बसलेले. डब्याची पिशवी मांडीवर. पिशवीची गाठ सोडलेली नव्हती. पडद्यावरचा ठिपका लाल होता.

"तुम्ही इतक्या लवकर?"

"रोज येतो."

सात दहा. सात वीस. मी म्हटलं, रेंज गेली असेल. "दोन्ही सिमांची एकदम जात नाय." मग लाईट गेली असेल. "बॅटरी हाय." साडेसात झाले. काका उठले. मोटरसायकलचं दुसरं हेल्मेट त्यांनी माझ्यापुढे धरलं. "येतेस? मशीन बिघडलं आसंल तर तुलाच बघाया लागंल." मशीन बिघडलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि तोवर मलाही कळायला लागलं होतं. मी बसले.

पोलादपूर मागे पडलं. पुढे डोंगराचा रस्ता लागला. हा माणूस एरवी चाळीसच्या वर गाडी नेत नाही. त्या दिवशी वळणांवर मी डोळे मिटून घेतले.

घराचं दार सताड उघडं होतं. गाय हंबरत होती. दादा गोठ्याच्या उंबऱ्याशी आडवे होते, डोक्याखाली गवताचा भारा, एक पाऊल भलतीकडे वळलेलं आणि सुजून मडक्याएवढं झालेलं. तोंडाने तंबाखू चघळणं चालू होतं.

काकांनी गाडी स्टँडवर लावली नाही, तशीच टाकली. "दादा! कवा पडलास?"

"फटफटायला. शेनावर पाय सरकला."

"मग वरडायचं नाय? शेजारची आली आसती!"

"शेजारची लग्नाला गेलीत मुंबैला. आनि मी वरडलो तर मला कुठं ऐकू येतं?"

"तुला नाय, दुसऱ्याला ऐकू येतं! आनि फोन घिऊन दिलाय तो? तो कशाला हाय?"

"त्यात तू बोलतोस ते कळत नाय."

"ऐकायचं नाय रे दादा, सांगायचं! मी पडलो म्हनून सांगायचं!"

दादांनी तंबाखू बाजूला थुंकली. "त्याची काय गरज? बटन नाय दाबलं. म्हटलं, आता हा निघाला आसंल. तवर पडून ऱ्हावू."

 काका खाली बसले, खिशातून रुमाल काढला आणि दादांच्या पायाला लागलेलं शेण पुसायला लागले. सुजेला धक्का न लावता, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. खूप वेळ पुसत होते. मी गाडी उचलून उभी केली आणि गावात जीप शोधायला गेले.

पोलादपूरच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. घोट्याचं हाड मोडलं होतं, पण बरं होणारं होतं. मी बाहेर बाकावर बसले असताना मॅडमचा फोन आला. यंत्राचं काय? यंत्र ठीक आहे, मी सांगितलं, बटण दाबणारा माणूस पडला होता. मॅडम म्हणाल्या, "बरं. शुक्रवारी तुझा अहवाल आहे ना?"

आहे, म्हटलं. तो मी त्याच रात्री बदलला. प्रत कुडपणलाच ठेवावी, अशी शिफारस केली. उंची, थंड हवा, पुराचा धोका नाही, आणि शेवटी 'स्थानिक देखरेख अत्यंत समाधानकारक'. आकृत्या काढून टाकल्या. मॅडमनी वाचला, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि सही केली. त्या प्रतीची आम्हाला आजवर एकदाही गरज पडलेली नाही, हेही सांगून टाकते.

काका पंधरा दिवस वर राहिले, मग परत आले. दादांचं प्लास्टर निघालं. पुढे पेटीची बॅटरी बदलायची वेळ आली तेव्हा काका एका कारखान्यात अडकले होते, म्हणून मी एकटीच कुडपणला गेले. दादा काठी टेकत चालत होते. त्यांनी कोरा चहा केला. मी त्यांच्या कानाशी जाऊन बॅटरीबद्दल ओरडून सांगत होते. ते म्हणाले, "सावकाश बोल बाय. न्हायतरी मला ऐकू येत नाय. घसा कशाला फोडतेस?"

मग मी गप्प बसून काम केलं आणि ते बोलत राहिले. गाईबद्दल, रानडुकरांबद्दल. मधेच म्हणाले, "एक सांगू? शांतारामला नको बोलूस."

मी मान हलवली.

"त्याला वाटतं, तो माज्यावर नजर ठेवतो. मला काय झालंय? गुरं हायत, रान हाय, दिस पुरत नाय मला. तो तिकडं त्या खोलीत एकटा. बायको गेली, पोरगा मुंबैला. सकाळी उठून मानसाला बघाया कायतरी पायजे ना? म्हनून दाबतो मी बटन. नायतर मला त्या डब्याचं काय?"

चार वर्षं मी काकांच्या शेजारच्या टेबलावर बसत होते. त्यांची बायको गेली आहे, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी जगातल्या सगळ्यांना विचारलं, त्यांना मात्र आमच्यापैकी कोणी काही विचारलं नव्हतं.

"जेवतो का धड?" दादांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. ते आत गेले आणि नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन आले, चांगली चार-पाच किलोंची, तोंड सुतळीने बांधलेलं. "मी दिलं म्हनू नको. चिडतो. म्हनतो, तू काय खाशील. कंपनीनं दिलं म्हन."

संध्याकाळी काका ऑफिसात आले तेव्हा मी पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. कंपनीने दिलं आहे, म्हटलं. सगळ्यांना दिलं. काकांनी आजूबाजूच्या रिकाम्या टेबलांकडे बघितलं. मग सुतळी सोडली, पिशवीत नाक घालून वास घेतला आणि तसेच थोडा वेळ राहिले. पुन्हा गाठ मारली, पिशवी काखेत घेतली आणि जिन्याकडे जाता जाता म्हणाले,

"कंपनी चांगली हाय गो आपली."